मामा, हातोडी आणि तीन जुन्या बोटी

पहिला दिवस, गुरुवार

साडेसहाला निघायचं ठरलं होतं, निघालो आठला. मामाने पोह्यांचा डबा घेतला. मी दोन टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, स्क्रू-ड्रायव्हर, चिंध्या, खडू, सुतळीचा गुंडा, टाकायला झालेली एक पँट आणि प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी घेतली. मामाने हातोडी हातात तोलून पाहिली.

"एवढीशी? हिच्यानं काय होणार?"

"फोडायचं नाहीये मामा, वाजवून बघायचंय."

"मग ठीक. माठ घेतो तसं."

मामा हर्णैचा. चाळीस वर्षं मासेमारी केली. पहिली होडी सागवानी होती, हल्लीची फायबरची. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलाय आणि तीन आठवडे न्यू जर्सीतले मॉल बघून विटलाय. जुनी शिडाची बोट घ्यायचा विचार आहे, बघायला येतोस का, एवढं विचारलं तर उत्तर देण्याआधी चपला घालून उभा राहिला.

मी आठ उन्हाळे दुसऱ्यांच्या बोटींवर दोऱ्या ओढल्यात. आता स्वतःची हवी. किनाऱ्याकिनाऱ्याने वर उत्तरेला मेन राज्यापर्यंत जाता यावं, आणि एकदा तरी भर अटलांटिकमधलं बर्म्युडा बेट. या दोन इच्छांमध्ये फार अंतर आहे. किनाऱ्याने जाताना हवा बिघडली तर संध्याकाळपर्यंत एखादी खाडी सापडते. बर्म्युडा मात्र चेसापीक उपसागराच्या तोंडापासून साधारण ६४० सागरी मैल, आणि वाटेत गल्फ स्ट्रीम. त्या प्रवाहाच्या विरुद्ध उत्तरेचा वारा सुटला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. मी बघतोय त्या मापाच्या बोटीला सरासरी पाच नॉट, म्हणजे तासाला पाच सागरी मैल, धरले तरी १२८ तास, म्हणजे पाच दिवस आणि वर एक रात्र. मध्ये आडोसा नाही.

खिशात वीस हजार डॉलर. त्यातले निम्मे किमतीला, निम्मे दुरुस्तीला, असं घरी ठरवून निघालो. एवढ्या पैशात मिळतात त्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बोटी, आणि त्या चेसापीकच्या काठावर रगड पडल्यात. उपसागर दोनशे मैल लांब, पण सरासरी खोली जेमतेम एकवीस फूट. त्यामुळे बोट पाण्यात किती खोल बसते हा इथे पहिला प्रश्न.

डेलावेअर मेमोरियल पूल ओलांडला, पुढे शेतं लागली, आणि दुपारी रॉक हॉलला पोचलो. खाडीतल्या प्रत्येक खांबावर ऑस्प्रे या मासेखाऊ पक्ष्यानं काटक्यांचं घरटं रचलेलं. एप्रिलचा पहिला आठवडा, पाणी बर्फासारखं.

पहिली बोट १९८३ ची, तीस फुटी. कोणत्या कारखान्याची ते सांगत नाही, कारण दोष या एका बोटीचा आहे. आत शिरलो आणि मी पाघळलोच. रुंद केबिन, नव्या गाद्या, गरम पाणी, मायक्रोवेव्ह. वन बीएचके म्हणा ना. एजंट कपाटं उघडून दाखवत होता. मामा आत आलाच नाही. बोट यार्डात लोखंडी घोड्यांवर उभी होती आणि तो तिच्या पोटाखाली आडवा झाला होता.

"ये खाली," त्याने हाक मारली. "होडी आधी खालनं बघायची. वरनं सगळ्या चांगल्याच दिसतात."

कील, म्हणजे मामाच्या भाषेत पठाण, या बोटीला वेगळी बसवलेली आहे. शिशाचा किंवा लोखंडाचा दोन-अडीच टनांचा तुकडा तळाखाली टांगायचा आणि बोल्टांनी आवळायचा. जिथे तो तुकडा तळाला भेटतो तिथे पुढच्या बाजूला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून गंजाचा ओघळ उतरला होता. एजंट म्हणाला, या सगळ्यांना असतंच ते. तो अगदीच खोटं बोलत नव्हता. पुष्कळदा नुसती वरची लांबी, म्हणजे पुट्टी, फुटते, ती भरून रंग मारला की झालं. पंचाईत अशी की बोल्टाचं आतलं टोक आणि नट तेवढे दिसतात, मधला भाग जोडात पुरलेला. तिथे पाणी साचलं आणि हवा नसली तर स्टेनलेस स्टीलही आतून खाल्लं जातं, बाहेर चमक तशीच राहते.

मग आत गेलो आणि तळफळ्या उचलल्या. कीलच्या मागच्या टोकाच्या वर, तळाला मजबुती देणाऱ्या आडव्या पट्ट्या जिथे फायबरने चिकटवलेल्या असतात, तिथे दोन ठिकाणी जोड सुटलेला. ही खूण मला माहीत होती. बोट वेगात खडकावर आदळली की कीलचं पुढचं टोक खाली ओढलं जातं आणि मागचं टोक तळात वर घुसतं. चेसापीकचा तळ बहुतेक चिखलाचा, तिथे असं होत नाही. म्हणजे ही कुठे तरी दगडाला भेटून आलेली. एजंटला विचारलं. त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि मालक फोन उचलत नव्हता.

जोड दुरुस्त करता येतो. तरी उपसागरात फिरायला, आणि तेही किंमत निम्मी झाली तरच, मी हिचा विचार केला असता. बर्म्युडाला नाही. कॉकपिट, म्हणजे मागे बसून बोट चालवायचा खळगा, ऐसपैस आणि मागून उघडं, केबिनच्या दाराचा उंबरा वीतभर. मागून एक लाट चढली तर पाणी थेट गाद्यांवर.

रात्री मोटेलजवळ खेकडे खाल्ले. ओल्ड बे नावाचा लाल मसाला वरून भुरभुरवतात. मामाने एक नांगी फोडली, दुसरी फोडली, आणि उरलेले माझ्याकडे सरकवले. "नारळ नाही, कोकम नाही. बिचारी चिंबोरी फुकट मेली."

दुसरा दिवस, शुक्रवार

मेरीलँडमधल्या ऑक्सफर्ड गावाच्या अलीकडच्या एका खाडीत वेस्टसेल ३२ या जातीची बोट होती. खरं सांगायचं तर या बोटीसाठी मी गेली तीन वर्षं रात्री जागून फोटो बघत होतो.

वेस्टसेलची एक हकीकत या किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असते. १९९१ च्या ऑक्टोबरअखेरच्या त्या भयंकर वादळात 'सटोरी' नावाची वेस्टसेल ३२ अटलांटिकमध्ये सापडली. बरोबरच्या दोघींनी मदत मागितली, तटरक्षक दल आलं, आणि कप्तानाची बोट सोडायची इच्छा नसताना त्यालाही उतरवलं. रिकामी बोट वाऱ्यावर सुटली. काही दिवसांनी ती याच मेरीलँडच्या असाटीग बेटाच्या वाळूवर लागलेली सापडली, जवळजवळ धड. पुन्हा पाण्यात ओढली आणि पुन्हा चालवली.

मामाला ही गोष्ट गाडीत सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "होडी राहिली ते खरं. पण आत माणसं असती तर त्यांचं काय झालं असतं ते कोण सांगणार? वाळूवर लागली म्हणून बरी. खडक असता तर?"

बोट दिसली आणि मामा हरखला. दोन्ही टोकं निमुळती, पुढे लाकडी सोंड, बसकं पोट. नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने बांधलेल्या बचावनौकांच्या घराण्यातला हा आकार, पिढ्यापिढ्यांतून उतरत कॅलिफोर्नियात फायबरमध्ये आला. लांबी ३२ फूट, रुंदी ११, वजन १९,५०० पौंड. कालच्या बोटीच्या दुप्पट. कील वेगळी बसवलेली नाही, साच्यातच तळाबरोबर ओतलेली, वजन आत बंद. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या चेनप्लेटा बाहेरून, तळाच्या भिंतीवर बोल्टांनी ठोकलेल्या. मामाने एकेक बोल्ट बोटाने चाचपला.

"हे मला आवडलं. दिसतंय. बिघडलं तर कळेल."

हा मुद्दा त्याने फार नेमका पकडला. बहुतेक जुन्या बोटींत ही पट्टी डेकमधून आत जाते आणि फर्निचरच्या मागे कुठे तरी लपते. डेकमधून जाते तिथेच पाणी झिरपतं, आणि ती तिथेच खाल्ली जाते.

वेस्टसेलची दुसरी ओळख अशी की यातल्या पुष्कळ बोटी अर्धवट विकल्या गेल्या. कंपनीने तळ आणि डेक दिला, आतलं सगळं गिऱ्हाइकाने आपल्या परसात बसून केलं. त्यामुळे 'वेस्टसेल ३२' हे नाव सांगून निम्मीच माहिती कळते. उरलेली निम्मी १९७५ साली हातात करवत घेतलेल्या त्या माणसाची. आमच्या बोटीचा माणूस सुतार म्हणून उत्तम होता. खणांचे सांधे असे बसलेले की कागद शिरू नये. वायरमन म्हणून मात्र त्याच्यापासून देव वाचवो. पॅनल उघडलं तर घरात वापरतात तशी एकसंध तारेची वायर, पिळून टेप मारलेली. बोट हलते, वायर हलते, एकसंध तार शेवटी तुटते. एका जागी इन्सुलेशन तपकिरी पडलेलं. म्हणजे पूर्वी कधी तरी तिथे धूर निघून गेलेला.

मग सोंड. मामाने स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि मालकाची परवानगी घेऊन लोखंडी पट्टीखाली टोचला. दोन इंच आत गेला, लोण्यात जावा तसा. सोंडेला पुढची तार बांधलेली असते, त्या तारेला डोलकाठी. सोंड गेली की काठी गेली.

डेकवर कुणी तरी नंतर सागाच्या पट्ट्या जडवल्या होत्या, स्क्रू मारून. सुंदर दिसत होत्या. मी मोजायला लागलो, दोनशेच्या पुढे सोडून दिलं. प्रत्येक स्क्रू म्हणजे डेकला पाडलेलं एक भोक, आणि त्याच्या तोंडचं चिकट पन्नास वर्षांपूर्वीचं.

इंजिनावर हात ठेवला तर कोमट. आम्ही दहाला येणार हे मालकाला माहीत होतं आणि त्याने नवाला चालवून ठेवलं होतं. वाईट हेतू असेलच असं नाही, पण थंड डिझेल कसं सुरू होतं, किती वेळ पांढरा धूर सोडतं, हेच तर बघायला आलो होतो. पुढच्या वेळी फोनवर सांगायचं, इंजिनाला हात लावू नका.

परतताना गाडीत वाद झाला. मामाचं म्हणणं, हीच घे, बाकी सगळं दुरुस्त होतं, अंग चांगलं आहे. माझं म्हणणं, किंमत मागतोय अठरा हजार आणि वर तेवढेच लागतील. शिवाय जुलैत चेसापीकवर वारा असतो तो अंगावरचा घाम वाळवण्यापुरता. या म्हशीला हलायलाच बारा-पंधरा नॉट लागणार. तीनशे दिवस उपसागरात इंजिनावर फिरायचं, का, तर कधी काळी पाच दिवस बर्म्युडाला जायचंय म्हणून?

"मग बर्म्युडाचं नाव कशाला काढलंस?" मामा म्हणाला. ऑक्सफर्डच्या छोट्या फेरीत बसेपर्यंत कुणी बोललं नाही. ही फेरी १६८३ पासून चालू आहे असं फलकावर वाचून मामा जरा निवळला.

तिसरा दिवस, शनिवार

बे ब्रिज ओलांडून अ‍ॅनापोलिस. १९५२ चा पूल, चार मैलांहून लांब. वरून मामाने पाण्यातली शिडं मोजली आणि म्हणाला की एवढ्या होड्या आणि मासे कुणीच धरत नाही.

आजची बोट अल्बर्ग ३०. या आकाराचा जनक कार्ल अल्बर्ग, जन्माने स्वीडिश. त्याचीच पियर्सन ट्रायटन १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये आली आणि फायबरच्या प्रवासी बोटी शेकड्यांनी विकल्या जाऊ लागल्या. अल्बर्ग ३० जातीच्या बोटी १९६२ पासून कॅनडात, ओंटारियोमध्ये बांधल्या गेल्या, सातशेच्या वर, आणि त्यातल्या कितीतरी या उपसागरात आल्या. लांबी ३० फूट ३ इंच, पण पाण्याच्या रेषेवर फक्त २१ फूट ८ इंच. रुंदी पावणेनऊ फूट. पाण्यात सव्वाचार फूट बसते, चेसापीकला अगदी मानवेल अशी. वजन ९,००० पौंड, त्यातलं ३,३०० कीलच्या पोटात बंद.

आतून पाहिली तर अंधारी खोली. कालच्या-परवाच्या बोटींपुढे हिला काय म्हणावं. उभं राहायला मधला तेवढा पट्टा, चार बिछाने, एक शेगडी. मामा वाकून आत आला आणि म्हणाला, "ही आपली."

मला हिच्याबद्दल दोन गोष्टी आधीपासून माहीत होत्या. एक, कॅनडाच्या ईव्ह जेलिना या माणसाने १९८१ ते १९८३ मध्ये 'जाँ-द्यु-सूद' नावाच्या अल्बर्ग ३० मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. समुद्रावर २८२ दिवस. मध्ये पॅसिफिकमध्ये बोट उलटली, डोलकाठी मोडली, ती दुरुस्त करून तो पुढे गेला. म्हणजे आकारात काही उणं नाही. दुसरी गोष्ट, डोलकाठी. हिची काठी डेकवर उभी असते, तळापर्यंत जात नाही. तिचा सगळा दाब डेकखालच्या एका लाकडी तुळईवर येतो. पन्नास वर्षांत ती तुळई थकते.

पण आधी डेक. फायबरचं डेक एकसंध नसतं. वर एक थर, खाली एक थर, मध्ये हलकं काही तरी. अल्बर्गच्या सुरुवातीच्या बोटींत मध्ये मेसोनाइट, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला पुठ्ठा, आहे, पुढच्यांत बाल्सा लाकूड. मामाला हे ऐकून नवल वाटलं, त्याच्या होडीत मॅट आणि रेझिन, बस्स. मग मीच आठवण दिली की दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून जगाला वळसा घालून आले, ती गोव्यात बांधलेली बोटही आत लाकूड आणि वर फायबर अशीच. लाकडाचा प्रश्न नसतो, पाण्याचा असतो. एखादा कठड्याचा खांब बसवताना भोक पाडलं आणि नीट बंद केलं नाही की पाणी आत जातं, दोन थरांमध्ये पसरतं, बाल्साचा लगदा होतो. वरून काही दिसत नाही.

म्हणून वाजवायचं. गुडघ्यांवर बसून मी नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरुवात केली. टक, टक, टक. कोरडं डेक खणखणीत बोलतं. ओलं झालेलं बद्द. पहिल्या दहा मिनिटांत मला फरकच कळेना. मामाने हातोडी काढून घेतली, डोळे मिटले आणि वाजवत गेला. जिथे थांबेल तिथे मी खडूने गोल करायचा. तासाभरात डावीकडे कठड्याच्या तीन खांबांभोवती बशीएवढे गोल, उजवीकडे एक ताटाएवढा, आणि डोलकाठीच्या पायथ्याशी दोन. मालकीण वयस्क बाई, नवऱ्याची बोट विकत होत्या. त्या धक्क्यावर उभ्या राहून गोल मोजत होत्या. मला फार अवघडल्यासारखं झालं. एखाद्याच्या घरातल्या भिंतींवर ओल कुठे आहे ते त्याच्यासमोर रेखाटावं, तसं.

मग तुळई. वरचा रंग ताजा होता, बघून काही कळेना. मामाने सुतळी मागितली. एक टोक केबिनच्या छपराच्या डाव्या कडेला मी धरलं, दुसरं उजव्या कडेला बाईंनी. डोलकाठीच्या जरा पुढे एकदा, काठीला अगदी चिकटून एकदा. छपराचा बाक दोन्हीकडे सारखा हवा. काठीपाशी तो अर्ध्या इंचाने कमी भरला. आत जाऊन मामाने शौचालयाचं दार लावायचा प्रयत्न केला. वरच्या कोपऱ्यात अडलं. दाराची कड पूर्वी कधी तरी रंधून घेतलेली होती, ताजं लाकूड नव्हतं. म्हणजे छप्पर बऱ्याच वर्षांपासून बसतंय आणि कुणी तरी छपराऐवजी दाराचा इलाज केला.

"घराचं असंच असतं," मामा म्हणाला. "दार अडलं की माणूस सुताराला बोलावतो. पायाकडे बघत नाही."

उरलेलं भराभर. चेनप्लेटा आत खणामागे. दोन जागी लाकडी आडभिंतीवर तपकिरी डाग, स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर लाकूड टणक निघालं. काढून बघाव्या लागणार, नव्याच कराव्या लागणार. तारा अठरा वर्षांच्या, त्याही जाणार. दहा-पंधरा वर्षांनंतर त्यांच्यावर भिस्त ठेवून कुणी खोल समुद्रात जात नाही. तळातून पाणी आत घेणाऱ्या पाच झडपा. तीन काशाच्या, जुन्या, हाताने फिरल्या. चौथी जाम. पाचवी कुणी तरी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली साधी पितळी. खरवडली तर आत गुलाबी. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा भुसभुशीत सापळा राहतो. पायाने ढोसलं तर तुटेल आणि बोट जागेवर बुडेल. शंभर डॉलरचं काम, पण आधीच्या मालकाच्या सवयी मला त्या झडपेत दिसल्या.

इंजिन अ‍ॅटॉमिक फोर, मूळचं. तीस हॉर्सपॉवर, पेट्रोलवर. १९४७ ते १९८५ पर्यंत चाळीस हजारांवर निघाली, सुटे भाग अजून मिळतात. या वेळी फोनवर सांगून ठेवलं होतं, त्यामुळे गार मिळालं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळात साचते. म्हणून आधी पाच मिनिटं पंखा चालवायचा, मग नाकाने हुंगायचं, मग किल्ली. दुसऱ्या फेऱ्यात सुरू झालं, शिवणयंत्रासारखं. मामाने तोंड वाकडं केलं. आयुष्यभर डिझेलवाला माणूस. "बंद बोटीत पेट्रोल? शेगडी पण तिथंच? तुझी आई मला घरात घेणार नाही."

आणि तरीही. कॉकपिट लहान, पाणी लवकर निघून जाईल असं. केबिनच्या दारासमोर गुडघ्याएवढा बांध, त्यामुळे कॉकपिट काठोकाठ भरलं तरी आत पाणी जात नाही. सुकाणू कीलला टेकलेलं, दोऱ्यांत अडकणार नाही, जमिनीला टेकलं तरी आधी कील लागेल. तळाची भिंत जाड. मामाने ती खाली उभं राहून मुठीने ठोकली. सगळीकडे एकच आवाज.

चौथा दिवस, रविवार

पाऊस. मोटेलच्या खोलीत कागद पसरून आकडे मांडले. मागणी साडेअकरा हजार. तारा आणि चेनप्लेटा, तुळई, डेकचे सहा गोल, झडपा. मजुरी यार्डाची धरली तर मागणीच्या दुप्पट. मजुरी माझी आणि मामाची धरली तर सहा-सात हजार आणि एक उन्हाळा. दुपारी नऊ हजार सांगितले, सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून तपासणी, आणि समुद्रचाचणी समाधानकारक झाली तरच, या अटीवर. दहा टक्के इसारा. संध्याकाळी होकार आला. परत निघालो.

सतरा दिवसांनी, पुन्हा अ‍ॅनापोलिस

सर्व्हेअरशिवाय एवढ्या जुन्या बोटीचा विमा कुणी उतरवत नाही, पण मला त्याचा कागद कमी आणि कान जास्त हवे होते. फुटाला सत्तावीस डॉलर घेतले त्याने. बोट पट्ट्यांत उचलली, खालचा भाग पाण्याने धुतला. तळावर नाण्याएवढे फोड, मी मोजले अकरा. त्याने एक फोडला, आतून आंबूस वासाचं पाणी आलं. जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी शिरून आतल्या उरल्यासुरल्या रसायनांशी मिसळलं की असं होतं. जाड तळाला एवढ्याने काही होत नाही म्हणाला, एकेक खरवडा आणि भरा. ओल मोजायचं यंत्र डेकवर फिरवलं. मामाच्या खडूच्या पुसट खुणांपैकी पाच त्याने जशाच्या तशा मान्य केल्या. सहावी, पायथ्याजवळची एक, कोरडी निघाली. सातवी मात्र नवीन सापडली, नांगराच्या दोरीच्या खुंटीखाली. मामा खट्टू झाला. "तिथं दोरी पडलेली होती," तो मला दोनदा सांगून गेला.

दुपारी सेव्हर्न नदीच्या तोंडाशी शिडं उभारली. वारा दक्षिणेचा, चौदा-पंधरा नॉट. अल्बर्ग आधी भसकन कलते, वीस अंशांपर्यंत, नवख्याला वाटतं गेलीच. मग खांदा लावून बसते आणि हलत नाही. वारा वाढला की सुकाणू हाताला ओढतं, वाऱ्याकडे तोंड करायला बघते. मोठं शीड थोडं आवळून लहान केलं की शांत. मी सुकाणू मामाकडे दिलं. त्याच्या होडीत हल्ली चाक आणि इंजिन, पण लहानपणी आजोबांच्या शिडाच्या मचव्यावर बसलेला. बोलला काही नाही. बूड सरकवून कडेला बसला आणि डोळे शिडाच्या पुढच्या कडेवर ठेवले.

सर्व्हेअर आत तुळईपाशी हात लावून बसला होता. बोट डावीकडे वळवली तसं शौचालयाचं दार करकरलं. उजवीकडे वळवली, गप्प. पुन्हा डावीकडे. पुन्हा करकर. त्याने टॉर्च मारला आणि मला आत बोलावलं. ताज्या रंगाला तुळईच्या लांबीने एक रेघ पडलेली, बोट कललेली असताना नखाएवढी उघडत होती, सरळ झाली की मिटत होती.

त्या रेघेने किंमत सहा हजार आठशेवर आली. बाईंनी घासाघीस केली नाही. फक्त विचारलं, बोटीचं नाव बदलणार का. मी नाही म्हटलं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं हत्यारं घेऊन गेलो. तुळईला हात लावण्याआधी डोलकाठी उतरवावी लागते, क्रेनची पाळी दहा दिवसांनी होती. म्हणून कठड्याच्या खांबांपासून सुरुवात केली. उजवीकडचा, ताटाएवढ्या गोलातला. मी वरून पाना धरला, मामा आत खणात डोकं घालून नट फिरवत होता. तिसरा बोल्ट निघाला आणि भोकातून थेंब गळायला लागले, चहाच्या रंगाचे. थांबतील म्हणून वाट पाहिली. थांबेनात. मामाने आतूनच हात बाहेर काढला.

"पोह्यांचा डबा दे रिकामा करून. नाही, झाकण नको. डबाच दे."